बांधापलीकडचे तण : शेजार, बाह्य परिणाम आणि सामूहिक जबाबदारी

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



भारतातील जमिनीच्या तंट्यांमध्ये बांधाचे स्थान मोठे आहे. बांध कोरला, हद्दीचा दगड सरकवला, सामाईक पाऊलवाट नांगरली, अशा कारणांवरून दोन-दोन पिढ्या दावे चालतात. तथापि बांध न कोरता आणि मोजणीच्या नकाशात काहीही बदल न करता एका जमिनीतून दुसऱ्या जमिनीत दरवर्षी होणारे एक अतिक्रमण महसुली दप्तरात कधीच नोंदले जात नाही. ते अतिक्रमण तणाचे होय. शेजारच्या पडीक तुकड्यात वाढलेले गवत पावसाळ्यानंतर बी धरते आणि पुढील हंगामात ते ज्याने आपले शेत, परसबाग किंवा अंगणातील हिरवळ निगुतीने राखली त्याच्याकडे उगवते. निष्काळजीपणा एकाचा आणि निंदणीचा खर्च दुसऱ्याचा, अशी ही विभागणी आहे.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘बाह्य परिणाम’ ही संकल्पना शिकवताना बहुधा कारखान्याच्या धुराचे उदाहरण दिले जाते. भारतासारख्या कृषिप्रधान देशात बांधापलीकडचे तण हे त्याहून जवळचे आणि अधिक बोधप्रद उदाहरण आहे. बाजार, परस्पर करार, कायदा, ग्रामसंस्था आणि राज्यसंस्था यांपैकी कोणती व्यवस्था कोठे उपयोगी पडते, हे या एका प्रश्नातून क्रमाने समजून घेता येते. त्यासाठीचे सूत्र साधे आहे : तण ज्या मार्गाने पसरते, त्या मार्गाच्या लांबीएवढी संस्था उभारावी लागते.

तण ठरते ते स्थानावरून

हरळी हे गवत सर्वांच्या परिचयाचे आहे. गणेशपूजेत वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या हिच्याच. शहरांतील उद्याने आणि क्रीडांगणे यांवरील हिरवळ बहुधा हरळीच्याच निरनिराळ्या वाणांची असते. जनावरांना ती चारा म्हणून आवडते आणि उतारावरील माती ती घट्ट धरून ठेवते. हीच हरळी पिकाच्या शेतात शिरली, की शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सर्वांत चिवट तणांपैकी एक ठरते. वनस्पती तीच, परंतु बांधाच्या एका बाजूला ती संपत्ती आहे आणि दुसऱ्या बाजूला आपत्ती. ‘तण खाई धन’ ही म्हण या दुसऱ्या बाजूची आहे.

येथून अर्थशास्त्रातील एका जुन्या वादाकडे जाता येते. आर्थर पिगू यांनी १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचे विवेचन केले. ही तफावत करआकारणीने किंवा अनुदानाने भरून काढावी, असा त्या विचाराचा रोख होता. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये ‘सामाजिक खर्चाचा प्रश्न’ या निबंधात वेगळी बाजू मांडली. त्यांचे गाजलेले उदाहरण शेताच्या हद्दीवरचेच आहे : एकाची गुरे शेजाऱ्याच्या पिकात शिरतात, तेव्हा काय करावे? नुकसान हे परस्परसापेक्ष असते, असे कोस यांचे प्रतिपादन होते. गुरे आवरली तर गुरे पाळणाऱ्याचा तोटा होतो आणि न आवरल्यास पिकवणाऱ्याचा. अधिकार स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर दोघे मिळून कमी खर्चाचा मार्ग शोधून काढतात.

सरपटणारे तण आणि दोन शेजारी

हरळी मुख्यतः जमिनीवरून धावणाऱ्या खोडांनी आणि जमिनीखालील खोडांनी पसरते. तिची आगेकूच सलग असते आणि ती कोठून येते हे डोळ्यांनी दिसते. त्यामुळे तिला अडवण्याचे उपायही हद्दीवरच करता येतात. बांधाच्या कडेने चर खणून तो वेळोवेळी मोकळा ठेवणे, बागेच्या कडेला विटांची अथवा पत्र्याची आडभिंत जमिनीत खोलवर बसवणे, उन्हाळ्यात खोल नांगरट करून उघडी पडलेली खोडे वेचून काढणे हे त्यांपैकी परिचित उपाय होत. सावली हरळीला मानवत नसल्याने हद्दीवर दाट झुडपांची रांग लावल्यासही तिचा जोर कमी होतो. मात्र खोडांचे तुकडे करून ते शेतातच सोडणारी उथळ नांगरट अनर्थकारक ठरते, कारण तुकड्याच्या पेरातून नवे रोप फुटू शकते.

आता एक काल्पनिक आकडेमोड पाहू. ‘अ’ याने आपला हरळीग्रस्त पट्टा साफ करण्यास ६०० रुपये लागतात आणि त्यापासून त्याचा स्वतःचा लाभ २०० रुपयांचा आहे. शेजारी ‘ब’ याचे हरळीमुळे ९०० रुपयांचे नुकसान होते. ‘ब’ याने आपल्या बाजूने चर खणल्यास ५०० रुपये खर्च येतो आणि हे नुकसान टळते. स्वतःपुरता विचार केल्यास ‘अ’ साफसफाई करणार नाही, कारण त्याला ४०० रुपयांची तूट येते. ‘ब’ मात्र चर खणेल आणि त्याचा निव्वळ लाभ ४०० रुपये होईल. परंतु ‘अ’ने साफसफाई केली, तर दोघांचा मिळून लाभ ११०० रुपये आणि खर्च ६०० रुपये, म्हणजे निव्वळ लाभ ५०० रुपये होतो. चराचा खर्च वरवर कमी दिसत असला, तरी समाजाच्या दृष्टीने साफसफाई अधिक हिताची आहे.

‘अ’ला किमान ४०० रुपये मिळाले तर तो साफसफाईस तयार होईल आणि चराचा ५०० रुपयांचा पर्याय हाती असल्याने ‘ब’ त्याहून अधिक देणार नाही. म्हणजेच ४०० ते ५०० रुपयांच्या दरम्यान करार होऊ शकतो. समजा, कायद्याने ‘अ’ला जबाबदार धरले, तरीही तो साफसफाईच करेल, कारण स्वतःचा लाभ वजा जाता त्याला ती ४०० रुपयांत पडते, तर ‘ब’ला चर खणून देण्यास ५०० रुपये लागतात. निष्पत्ती दोन्ही वेळी एकच असते आणि पैसे कोणाच्या खिशातून जातात एवढेच बदलते. ज्याला कोस यांचा सिद्धांत म्हटले जाते, त्याचा हा गाभा होय. सरपटणाऱ्या तणाच्या बाबतीत शेजारी दोनच असतात, एकमेकांना ओळखतात आणि हद्द दिसते, म्हणूनच येथे हा सिद्धांत लागू पडण्याची शक्यता असते.

प्रवासी तण आणि अनेक शेजारी

गाजर गवताची गोष्ट याहून निराळी आहे. नावात ‘गवत’ असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुलातील ही वर्षायू वनस्पती मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतील. स्वातंत्र्योत्तर काळात भारतात ती १९५५ मध्ये पुणे येथे आढळली आणि १९५६ मध्ये त्याविषयीची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरफुली अशी तिची अनेक लोकप्रचलित नावे आहेत. आज देशातील बहुतेक सर्व राज्यांत तिचा प्रादुर्भाव असून, बाधित क्षेत्र सुमारे साडेतीन कोटी हेक्टर असल्याचा अंदाज मांडला गेला आहे.

हे तण आयात धान्यातून आले, असा समज सार्वत्रिक आहे आणि त्याचा संबंध ‘पी. एल. ४८०’ योजनेखालील गव्हाशी जोडला जातो. परंतु या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधील आहे, म्हणजे पुण्यातील नोंदीनंतरचा. अमेरिकेने भारताला धान्यखरेदीसाठी कर्ज दिले होते ते १९५१ मध्ये. विद्यार्थ्यांनी ही कालानुक्रमणिका ध्यानात ठेवावी. तण दिसू लागते तेव्हा त्याच्या आगमनाला काही वर्षे लोटलेली असतात आणि जबाबदारी निश्चित करणे अवघड होऊन बसते. ज्याचा उगम सिद्ध करता येत नाही, त्याची भरपाई मागता येत नाही.

गाजर गवताच्या एका सुदृढ रोपापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात. उगवणीनंतर चार ते आठ आठवड्यांत रोप फुलावर येते. ओलावा मिळत राहिल्यास वर्षभरात एकामागून एक पिढ्या उगवतात आणि मातीत गाडले गेलेले बी काही वर्षे सजीव राहते. हे बी अत्यंत हलके असते. वाऱ्याने ते थोडे अंतर जाते, परंतु दूरचा प्रवास करते ते पाटाचे व पुराचे पाणी, वाहनांच्या चाकांचा चिखल, भाड्याने आणलेली यंत्रे, चारा, शेणखत आणि बांधकामाची वाळू-माती यांच्याबरोबर. अशा तणापुढे बांधालगतचा चर निरुपयोगी ठरतो.

मघाच्या उदाहरणात ९०० रुपयांचे नुकसान एका ‘ब’ऐवजी तीस शेतकऱ्यांत प्रत्येकी ३० रुपये याप्रमाणे विभागले आहे असे समजा. ‘अ’ला देण्याचे किमान ४०० रुपये उभे करण्यासाठी प्रत्येकाने साडेतेरा रुपयांच्या आसपास द्यावे लागतील. रक्कम क्षुल्लक आहे, तथापि ती गोळा होत नाही. प्रत्येक जण इतरांनी द्यावे आणि आपण लाभ घ्यावा अशी अपेक्षा धरतो. यालाच ‘फुकट्या’ची समस्या म्हणतात. वाटाघाटींचा खर्च वाढला, की कोस यांनी गृहीत धरलेली अटच उरत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. जॅक हर्शलायफर यांनी १९८३ मध्ये सार्वजनिक वस्तूंच्या एका विशेष प्रकाराकडे लक्ष वेधले. त्यात संरक्षणाची एकूण पातळी सर्वांच्या प्रयत्नांच्या बेरजेवर ठरत नाही. सर्वांत कमी प्रयत्न करणाऱ्यावर ती ठरते. पूररोधक बंधाऱ्याचा भाग ज्या घरासमोर कमी उंचीचा असेल, तेथून पाणी आत शिरते. तणनियंत्रण बऱ्याच अंशी याच प्रकारात मोडते. दहा शेतकऱ्यांपैकी नऊ जणांनी वेळेवर निंदणी केली आणि दहाव्याच्या तुकड्यातील रोपे बी धरून गेली, तर पुढील हंगामात नऊ जणांच्या श्रमाचा मोठा भाग वाया जातो. हे दोन-तीन वर्षे घडले, की त्या नऊ जणांनाही निंदणी करणे परवडत नाही. अशा रीतीने एकाचे दुर्लक्ष सर्वांचे धोरण बनते.

हाच न्याय तणाच्या गुणधर्मांनाही लागू होतो. पंजाब व हरियाणातील गव्हाच्या शेतात ‘मंडूसी’ अथवा ‘गुल्ली डंडा’ नावाचे गवत माजते. कोवळ्या अवस्थेत ते गव्हासारखेच दिसते, त्यामुळे हाताने निंदणी करणे कठीण होते. वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकाचा वापर झाल्याने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी या गवताने त्या औषधाला दाद देणे बंद केले. असे प्रतिकारक्षम बी कापणी यंत्रातून, बियाण्यातून आणि पाण्यातून शेजारी जाते, तेव्हा ज्याने ते औषध जपून वापरले त्याचेही औषध निकामी ठरते. औषधाची परिणामकारकता ही येथे एक सामाईक संपत्ती आहे आणि तिचा उपसा बांधाच्या आत राहत नाही.

करारात जागा नसलेले लोक

आतापर्यंतचा विचार जमीनधारकांपुरता झाला. प्रत्यक्षात या व्यवहारात तिसरा पक्ष आहे. भारतात निंदणी-खुरपणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि त्यांतील बहुसंख्य भूमिहीन अथवा अल्पभूधारक कुटुंबांतील असतात. गाजर गवतातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांना त्वचेचा तीव्र दाह होतो, तर परागकणांमुळे सर्दी आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. पुणे परिसरात अशा त्वचारोगाचे रुग्ण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वैद्यकीय नोंदींत येऊ लागले. ज्यांना हा त्रास एकदा जडतो, त्यांना पुन्हा संपर्क येताच तो उद्भवतो. मजुरी मात्र रोजावर असते. त्रास झाला म्हणून घरी बसल्यास त्या दिवसाची कमाई जाते.

दोन जमीनधारकांतील ४०० ते ५०० रुपयांच्या कराराने कार्यक्षमता साधली, असे शास्त्र म्हणते. परंतु साफसफाई उघड्या हातांनी करणाऱ्या मजूर स्त्रीची त्वचा त्या हिशेबात धरलेली नसेल, तर तो हिशेबच अपुरा आहे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फुलोऱ्यापूर्वीच काम उरकणे या गोष्टी खर्चात धरल्यास ‘अ’चा खर्च ६०० रुपयांहून अधिक भरेल आणि तोच खरा खर्च असेल. बाह्य परिणामांचे विवेचन करताना कोणाचा खर्च गणतीत आला आणि कोणाचा राहिला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रत्येक वेळी विचारला पाहिजे.

सर्वांत मोठा शेजारी : सार्वजनिक जमीन

गाजर गवत सर्वाधिक फोफावते ते रस्त्यांच्या कडा, लोहमार्गांचे उतार, कालव्यांचे काठ, गायराने, शासकीय आवारे आणि बांधकामासाठी मोकळे ठेवलेले भूखंड येथे. नांगराखाली असलेल्या जमिनीत त्याला दरवर्षी अडथळा होतो. मोकळ्या जमिनीत तो होत नाही. म्हणजेच असंख्य शेतकऱ्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत निष्काळजी शेजारी ही सार्वजनिक जमीनच ठरते. रस्ता एका खात्याचा, कालवा दुसऱ्याचा आणि गायरान ग्रामपंचायतीचे असल्याने जबाबदारी विभागली जाते आणि विभागलेली जबाबदारी बहुधा कोणाचीच राहत नाही.

काही ठिकाणी राज्यसंस्थेनेच परकीय वनस्पती आणून लावली. कच्छच्या रणाचा विस्तार रोखण्यासाठी बन्नीच्या गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी विलायती बाभळीची लागवड करण्यात आली. स्थानिक लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणतात. तिच्या शेंगा गुरे खातात आणि शेणातून बी दूरवर पसरते. आशियातील एका मोठ्या गवताळ प्रदेशाचा बराच भाग तिने व्यापला आणि मालधारी पशुपालकांच्या चराईवर त्याचा परिणाम झाला. त्याच वेळी कोळसा निर्मितीतून काही कुटुंबांना उत्पन्नही मिळू लागले. एकदा वनस्पती स्थिरावली, की तिच्यावर अवलंबून असलेले हितसंबंधही स्थिरावतात आणि निर्मूलन हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

कायद्याची वाटचाल

शेजाऱ्याच्या तणाबद्दल न्यायालयात दाद मागता येते काय? इंग्लंडमधील ‘जाइल्स विरुद्ध वॉकर’ या १८९० च्या प्रकरणात एका जमिनीतील काटेरी तणाचे बी वाऱ्याने शेजारच्या शेतात गेले होते. जमिनीत नैसर्गिकरीत्या उगवलेले तण कापण्याचे कोणतेही कर्तव्य मालकावर नाही, असा निर्णय तेव्हा झाला. १९८० मध्ये ‘लीकी विरुद्ध नॅशनल ट्रस्ट’ या प्रकरणात ही भूमिका बदलली. नैसर्गिक कारणाने उद्भवलेल्या धोक्याची जाणीव असलेल्या मालकाने आपल्या कुवतीनुसार वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. २०१८ मध्ये वेल्समधील लोहमार्गालगतच्या घरांत शिरलेल्या जपानी नॉटवीडच्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने घरमालकांच्या बाजूने निर्णय दिला. मालमत्तेचे मूल्य घटले एवढेच कारण पुरेसे नाही, परंतु जमिनीच्या सुखकर उपभोगात अडथळा येणे हा उपद्रव होय, असे न्यायालयाने म्हटले. २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र दुसऱ्या एका नॉटवीड प्रकरणात मूल्यघटीची भरपाई नाकारली, कारण जबाबदारी सुरू होण्याच्या फार पूर्वीच झाड शेजारी पोहोचले होते.

भारतातही वैधानिक कर्तव्याची परंपरा जुनी आहे. जलपर्णीच्या निर्मूलनासाठी १९३६ मध्ये बंगालमध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि जमीनधारकांवर ती काढण्याची जबाबदारी टाकण्यात आली. कर्नाटकाने १९७५ मध्ये आपल्या कृषी कीड व रोग कायद्यान्वये गाजर गवत उपद्रवी तण म्हणून घोषित केले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हे तण भारताप्रमाणेच १९५५ मध्ये प्रथम नोंदले गेले होते. तेथील २०१४ च्या जैवसुरक्षा कायद्याने प्रत्येक व्यक्तीवर धोका टाळण्यासाठी वाजवी उपाय योजण्याचे सर्वसाधारण कर्तव्य टाकले आहे आणि बाधित भागातून येणारी वाहने व यंत्रे धुण्यावर तेथे भर दिला जातो.

असे कायदे कागदावर का राहतात, याचे उत्तर गॅरी बेकर यांच्या १९६८ मधील विवेचनात सापडते. व्यक्तीला धाक वाटतो तो दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांच्या गुणाकाराचा. तण जेव्हा गावातील दोन-चार तुकड्यांत असते, तेव्हा निष्काळजी मालक नजरेस येतो आणि कारवाई शक्य असते. ते सर्वत्र पसरले, की सर्वच दोषी ठरतात आणि कोणावरच कारवाई होत नाही. सारांश, दंडाचे हत्यार प्रादुर्भावाच्या आरंभी धारदार असते आणि पुढे ते बोथट होत जाते.

गाव पातळीवरील उपाययोजना

दोन शेजाऱ्यांचा करार अपुरा आणि दंडाचा कायदा दुबळा ठरतो, त्या मधल्या जागेत सामूहिक संस्थेची गरज भासते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील ग्रंथात सामाईक साधनसंपत्तीच्या यशस्वी व्यवस्थापनाची लक्षणे मांडली. स्पष्ट सीमा, स्थानिक परिस्थितीशी जुळणारे नियम, परस्पर देखरेख, क्रमाक्रमाने वाढणारा दंड आणि वादनिवारणाची स्वस्त व्यवस्था ही त्यांतील काही होत. या कार्याबद्दल त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कार मिळाला. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत कृषी, जमीन सुधारणा, पाणलोट विकास आणि सामुदायिक मत्तांची देखभाल हे विषय आहेत. त्यामुळे अशा कामासाठी ग्रामपंचायत ही स्वाभाविक संस्था ठरते.

व्यवहारात तीन बाबी निर्णायक आहेत. पहिली बाब वेळेची. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. परंतु जूनच्या पावसाने उगवलेली रोपे तोवर फुलावर येऊ शकतात. म्हणून पहिली सामुदायिक फेरी जुलैत आणि दुसरी ऑगस्टमध्ये घेणे श्रेयस्कर ठरते. फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या रोपांचे कंपोस्ट होते, तर बी धरलेली रोपे खतात गेल्यास खतच प्रसाराचे साधन बनते. दुसरी बाब क्रमाची. पाण्याचा प्रवाह ज्या दिशेने वाहतो, त्याच्या वरच्या टोकापासून साफसफाई सुरू केल्यास खालच्या शेतांत पुन्हा बी येत नाही. येथे गावाच्या हद्दीपेक्षा पाणलोटाची हद्द महत्त्वाची असते. तिसरी बाब मोकळ्या जागेची. उपटलेल्या जागी काहीही न लावल्यास तीच वनस्पती परत येते. गायरानात व रस्त्याकडेला तरोटा किंवा टाकळा दाट पेरल्यास तो गाजर गवताला दडपतो, शिवाय त्याच्या बियांना बाजारात मागणीही असते.

जैविक नियंत्रणाचा मार्ग याला पूरक आहे. मेक्सिकन भुंगा म्हणून ओळखला जाणारा कीटक १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये निसर्गात सोडण्यात आला. पावसाळ्यात तो गाजर गवताची पाने फस्त करतो. एकदा स्थिरावल्यावर तो बांध न पाहता पसरतो, म्हणजे तणाचीच रीत तणाविरुद्ध वापरली जाते. पुढे सूर्यफुलाच्या पानांवरही तो आढळल्याने शंका उपस्थित झाल्या. त्यानंतर झालेल्या अभ्यासांतून, त्या पानांवर पडलेल्या गाजर गवताच्या परागकणांकडे तो आकृष्ट होत असल्याचे निदर्शनास आले. कोरड्या ऋतूत तो निष्क्रिय असतो, त्यामुळे एकट्या भुंग्यावर विसंबून चालत नाही.

देशाची हद्द

बांधाचा विचार विस्तारत नेल्यास तो बंदरापर्यंत पोहोचतो. देश हेही एकमेकांचे शेजारी आहेत आणि धान्य, बियाणे, चारा व शोभेची रोपे ही तणाची वाहने आहेत. वनस्पती संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ मध्ये झाला. भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशात, ज्यांचा शिरकाव रोखावयाचा अशा तणांची स्वतंत्र अनुसूची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला. त्याच वर्षी स्वीकारलेल्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात अशा प्रजातींच्या शिरकावाचा आणि स्थिरावण्याचा वेग २०३० पर्यंत किमान निम्म्याने घटवण्याचे लक्ष्य आहे. जैवविविधता व परिसंस्था सेवांविषयीच्या आंतरशासकीय मंचाच्या २०२३ मधील अहवालानुसार जगात साडेतीन हजारांहून अधिक परकीय प्रजाती हानिकारक ठरल्या असून, त्यांपासून होणाऱ्या नुकसानीचा वार्षिक आकडा २०१९ मध्ये ४२३ अब्ज डॉलरहून अधिक होता.

हा आकडा पाहता बंदरावरील तपासणीचा खर्च जड वाटू नये. प्रवेश रोखणे सर्वांत स्वस्त, लवकर शोधून नष्ट करणे त्याहून महाग आणि पसरल्यानंतर आटोक्यात ठेवणे सर्वांत महाग, असा हा चढता क्रम आहे. दुर्दैवाने सार्वजनिक निधी बहुधा उलट क्रमाने उपलब्ध होतो, कारण न आलेले संकट कोणाला दिसत नाही.

समारोप

एकूण विवेचनाचे सार असे. तण बांधालगत सरपटत येत असेल, तेथे दोन शेजाऱ्यांचा समजूतदार करार पुरतो आणि राज्यसंस्थेने हद्दी व हक्क स्पष्ट ठेवणे पुरेसे असते. ते पाण्याबरोबर आणि चाकांबरोबर येत असेल, तेथे पाणलोट आणि गाव यांना एकाच वेळी, एकाच दिशेने काम करावे लागते आणि सार्वजनिक जमिनीच्या धारक खात्यांनी त्यात प्रथम उतरावे लागते. ते जहाजातून येत असेल, तेथे केंद्र शासनाच्या संगरोध यंत्रणेला पर्याय नाही. यांपैकी एका पातळीचे काम दुसऱ्या पातळीवर ढकलल्यास खर्च वाढतो आणि तो बहुधा सर्वांत दुर्बल घटकाच्या अंगावर पडतो.

आपले शेत स्वच्छ ठेवणे ही खाजगी बाब मानली जाते. गाजर गवताच्या सत्तर वर्षांच्या वाटचालीने मात्र दाखवून दिले आहे, की स्वच्छ शेत हे त्याच्या मालकाइतकेच शेजाऱ्यांच्या श्रमाचे फळ असते. ग्रामसभेच्या जुलैच्या बैठकीत पीकविमा आणि खतपुरवठा यांच्या जोडीला, फुलोरा येण्यापूर्वी कोणत्या दिवशी कोणता काठ साफ करावयाचा आणि त्यासाठी हातमोजे कोण आणणार, एवढा एक विषय नियमाने घेतला गेला, तरी या अतिक्रमणाला पायबंद बसू शकेल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.